अंगठा दबता कामा नये

थंडी आली. पुण्यात येते तेवढीच आली, पण तिचं कौतुक असं की विचारू नका. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत सकाळी सहाला कानटोप्यांची वरात निघते. पंधरा मिनिटं चालायचं, अर्धा तास बाकावर बसून थंडी गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी यावर वाद घालायचा आणि घरी जाऊन व्यायाम झाला म्हणून दोनदा चहा मागायचा. हातगाडीवर बोरं आणि आवळे दिसायला लागतात, खोबरेल तेल बाटलीत गोठतं आणि पार्किंगच्या कोपऱ्यातून सायकली बाहेर निघतात.

त्या सायकलींबद्दलच मला बोलायचं आहे. आठ महिने त्या कोळ्यांची जाळी अंगावर मिरवत उभ्या असतात. मग एका रविवारी त्यांच्या मालकांना आपल्याला शरीर असल्याची आठवण होते. पोट आणि कपडे यांत कोणी कोणाला धरून ठेवलंय ते कळू नये इतकी घट्ट बंडी, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल आणि पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी. टेकडी इथून अर्ध्या तासावर आहे. वाळवंट ओलांडायला निघालेला माणूससुद्धा इतका जामानिमा करत नसेल.

वर खाणीजवळ पोचले की सायकली आडव्या टाकायच्या आणि बोलायला बसायचं. समोर पिवळं पडलेलं गवत वाऱ्यावर हलत असतं, खाणीच्या पाण्यावरून वाफ निघत असते, मोर ओरडत असतो. एक मान वर होईल तर शपथ. बोलणं एकच, हँडल कुठलं टाकलंस, पायडल कुठलं घेतलंस, सीट बदललीस का. हा म्हणतो फोर्क बदलल्यापासून राइडचा फील बदलला. तो म्हणतो टायर बदल मग बघ फील. मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आहे. ज्याला प्रमेय येत नाही तो दर सहामाहीला कंपासपेटी बदलतो, एवढं ज्ञान मी त्या नोकरीतून घेऊन बाहेर पडलो. ही मंडळी खाणीजवळ बसलेली पाहिली की मला माझा जुना नववी ब आठवतो.

मला ही जमात आवडत नाही. उगाच सौजन्य कशाला दाखवू? पण या जमातीत एके थंडीत माझा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि दर वर्षी स्वेटर कपाटातून काढला की त्याच्या डांबरगोळीच्या वासाबरोबर मला ती थंडी आठवते.

दोन वर्षं झाली. मिलिंदचा फोन आला. तो हडपसरला राहतो, तिथल्याच एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. आम्ही एकाच शहरात राहतो असं म्हणायची पद्धत आहे. पण मधे एवढं ट्रॅफिक की तो साताऱ्याला असता तर जास्त भेटलो असतो. गणपतीत एकदा, दिवाळीत एकदा. भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडायलासुद्धा भेटावं लागतं.

"दादा, मी माउंटन बाइक घेतलीये," तो म्हणाला. "दर रविवारी तुझ्याकडे येईन म्हणतो. टेकडीवर जाऊ दोघं."

"बघू," मी म्हणालो.

पुण्यात 'बघू' म्हणजे नकार असतो असं बाहेरचे लोक समजतात. तसं नाही. आपल्याला किती आनंद झाला हे समोरच्याला कळू द्यायचं नसलं की आम्ही 'बघू' म्हणतो. फोन ठेवल्यावर मी लगेच माळ्यावर चढलो आणि बाबांचा पंप खाली काढला.

हा पंप लोखंडी, लाकडी मुठीचा. शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि दर रविवारी सकाळी खाली फुटपाथवर बाबा तीन सायकली ओळीने लावायचे. त्यांची, माझी आणि मिलिंदची छोटी. स्वतः खडकीला कारखान्यात जायचे, जाऊन येऊन रोज सायकलच. चाकाची परीक्षा त्यांच्या अंगठ्यात होती. टायर अंगठ्याने दाबून बघायचं. "अंगठा दबता कामा नये." दबला तर एक शब्द न बोलता पंप आमच्या हातात द्यायचे. मिलिंद एवढासा होता, तो मुठीला लोंबकळायचा, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून. तेव्हा दांडा खाली जायचा. मग बाबा टायर वाजवून बघायचे, कलिंगड बघतात तसं, आणि मान डोलवायचे. आमच्या घरात शाबासकी त्याहून मोठी मिळत नसे.

पंपाला मी नवीन नळी बसवून घेतली, नव्या सायकलींना असतो तशा मोटरसायकलसारख्या व्हॉल्वला चालेल अशी. मिलिंद पहिल्या रविवारी गाडीच्या मागे सायकल बांधून आला. जाडजूड टायर, पुढे गुडघ्यासारखा वाकणारा फोर्क, रंग असा की शेजाऱ्यांनी दारं उघडून पाहिलं. मी चाकाशी बसलो आणि अंगठा लावला. दबला! नव्या कोऱ्या सायकलीचं टायर, आणि अंगठा दबला.

"दुकानदाराला हवासुद्धा भरता येत नाही?" मी म्हणालो. "एवढी सायकल विकली आणि हवेचा कंजूषपणा!"

मिलिंद पंपाकडे बघत होता. "हा अजून आहे?"

"आहे म्हणजे? मी काय टाकून देईन?"

दोन्ही चाकं मी दगडासारखी करून दिली. मग आम्ही निघालो. तो आपल्या दिमाखदार वाहनावर, मी माझ्या काळ्या, बिनगिअरच्या, वीस वर्षांच्या सायकलीवर. चढाला मी उतरून ढकलत होतो, तो गिअर मोजत होता. कुसळं मोज्यात अडकत होती. बोललो फारसं नाही, पण वर खाणीजवळ बसून घरून नेलेले तिळाचे लाडू खाल्ले, आणि तो अचानक म्हणाला, "दादा, बाबा लाडू सायकलच्या घंटीवर फोडायचे, आठवतं?" मला आठवत होतं. आपल्या डोक्यातली एखादी गोष्ट जगात आणखी एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तो माणूस हडपसरला राहतो. असं काही मी बोललो नाही अर्थात. मी म्हणालो, "लाडू चांगले झालेत."

उतरताना मात्र त्याचे हात थरथरत होते. खाली आल्यावर तळवे चोळत म्हणाला, "बोटं बधिर झाली रे. दुकानाबाहेर चालवून पाहिली तेव्हा फील मस्त होता." त्याच्या मनगटांचं दुखणं जुनं, दिवसभर टायपिंग करून आलेलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की व्यायाम करा, पण हात बधिर व्हायला लागले तर सायकल बंद. म्हणजे हात टिकले तर रविवार टिकणार, नाहीतर पुन्हा गणपती आणि दिवाळी. हे मला त्या पहिल्याच दिवशी नीट कळलं होतं. कळून मी काय केलं ते पुढे ऐका.

दुसऱ्या रविवारी तो मुठींची नवी रबरं घालून आला, मऊ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली. तिसऱ्या रविवारी सीट नवी. "दुकानात बसून पाहिली दादा, लोण्यासारखी." मी चाकाशी बसलो. अंगठा दबला. "या दुकानदाराचा पंप चोरीला गेलाय का?" म्हणत मी पुन्हा हवा ठासली. टेकडी उतरून आलो तर लोण्याचा दगड झालेला. मग हँडल बदललं, हलकं, आणि त्याचं गुणगान असं की खाली ठेवलं तर वाऱ्याने उडून जाईल. मग पायडल. मग पुढचा फोर्क, जो म्हणे खड्डा आला की आपण होऊन श्वास घेतो.

"राइडचा फील सुधारतो, दादा."

"फील," मी म्हणायचो. "आम्हाला नव्हता बुवा फील. आम्हाला शाळेत वेळेवर पोचायचं असायचं."

दर आठवड्याला एक नवा अवयव आणि दर आठवड्याला तेच बधिर हात. माझी सायकल टेकडीवर खुळखुळ्यासारखी वाजायची, पण मला कधी काही झालं नाही. हाडंच त्या बेताची झाली होती. याचा मला केवढा अभिमान! मी वर बसून त्याला ऐकवायचो की नाचता येईना अंगण वाकडं. सायकल चालवायला पाय लागतात, दुकान लागत नाही. बाबांनी एका सीटवर जन्म काढला. तो हसायचा. मिलिंद लहानपणापासून असाच, टपली मारली तरी हसणार.

एक दृश्य मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. खाणीच्या अलीकडे वळण आहे, तिथे तो मागे राहिला. मी वळून पाहिलं तर पुढच्या चाकाशी वाकून बसलेला. घेतलेल्या भागांकडे कौतुकाने बघत असणार, असं मी धरून चाललो. आपला अंदाज चुकू शकतो, हे शिक्षकाला कधी शिकवलेलंच नसतं. मी ओरडलो, "पूजा आटपली असेल तर चला!" तो चटकन उठला, हात पँटला पुसले आणि आला.

संक्रांतीच्या सुमाराचा रविवार. टेकडीखालच्या चहाच्या टपरीवर ती सगळी बंडीवाली मंडळी जमलेली. मिलिंदने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी हलत होता. कोणीतरी विचारलं, आता पुढे काय बदलणार? तो म्हणाला, रिम बघतोय. आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणालो, "याला सायकल नकोय हो, पाळणा हवाय. दोरी ओढायला मी आहेच."

काय हशा पिकला! मला आयुष्यात कुठल्या वर्गाने इतकी मोठी दाद दिली नव्हती. मिलिंदही हसला. मग त्याने कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि म्हणाला, "निघतो दादा. ट्रॅफिक लागेल." रविवारी सकाळी साडेआठला.

पुढच्या रविवारी तो साध्या शर्ट-पँटमध्ये आला. सायकल गाडीवरून सोडवली, माझ्या पार्किंगमध्ये भिंतीला लावली. "हात ऐकत नाहीत रे. डॉक्टर नको म्हणतात. राहू दे इथेच. वाटलं तर तू चालव, नाहीतर देऊन टाक कोणाला."

मी काय म्हणालो असेन? "बघू," म्हणालो.

त्यानंतरची एक अख्खी थंडी कोरडी गेली. गणपतीत भेटलो, दिवाळीत भेटलो. रस्त्यांवर बोललो, पुलांवर बोललो. आपल्याकडे दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं नसलं की महापालिकेचा फार आधार असतो. टेकडीवर मी एकटा एकदा जाऊन आलो. खाणीजवळ एकट्याने लाडू खाताना आपण अगदी मूर्ख दिसतो.

पण रविवारी सकाळी मी खाली जातोच. पंप घेऊन. त्या उभ्या सायकलीची जाळी झाडतो, अंगठा लावतो, थोडी हवा उतरलेली असते, भरतो. आमच्या सौभाग्यवती गॅलरीतून विचारतात, "अहो, चालवत कोणी नाही, हवा कशाला भरता?"

"चाकं बसतात," मी सांगतो. खरं कारण विचारण्याइतकी ती दुष्ट नाही.

तर गेल्या रविवारी असाच बसलो होतो. चौथ्या मजल्यावर वैभव नावाचा यवतमाळचा मुलगा भाड्याने राहतो, तिशीचा, नोकरी करतो, बायकोला घेऊन अलीकडेच आलाय. तोही त्याच जमातीतला, म्हणून मी त्याला आजवर मान हलवण्यापलीकडे काही दिलं नव्हतं. तो हेल्मेट बगलेत घेऊन थांबला.

"काका, काय करून राहिले तुम्ही?"

"हवा भरतोय. दिसत नाही?"

"दिसते न. पण कशासाठी भरून राहिले इतकी?" तो खाली बसला, टायर दाबून पाहिलं आणि हसायलाच लागला. "हे टायर आहे का गोटा आहे, काका? माउंटन बाइकमध्ये एवढी हवा नाही भरत कोणी. अंगठा दबलाच पाहिजे न! नाहीतर सगळे दगड डायरेक्ट हातात येतात. मनगटं जातात माणसाची."

मी म्हणालो, "पण फोर्क आहे की. नवा आहे."

"अहो, फोर्क काय करेल बिचारा? आधी टायर, मग बाकी सगळं."

त्याने परवानगी विचारली आणि व्हॉल्व दाबला. फुस्स करून हवा निघत राहिली, पुढच्या चाकातून, मग मागच्या. किती वेळ निघत होती! त्याने माझा अंगठा धरून टायरवर ठेवला. दबला. दुकानातून यायची तेव्हा दबायचा तेवढाच दबला.

मी सायकल तशीच टेकडीवर नेली. साठी जवळ आलेला माणूस, पायात चपला, डोक्यावर कानटोपी, आणि खाली ते दिमाखदार यंत्र. खाणीच्या वाटेवरचे दगड मला वीस वर्षं पाठ आहेत, कुठला कुठे दात हलवतो ते सांगेन. त्या दिवशी त्यातला एकही बोलला नाही. चाक दगडावर चढत होतं आणि त्याला चुचकारून पलीकडे उतरत होतं. हातात नुसती गुदगुल्या केल्यासारखी जाणीव. मुठी मऊ, सीट मऊ, फोर्क खरोखर श्वास घेत होता. म्हणजे त्याने घेतलेली प्रत्येक वस्तू चांगली होती. एकेक वस्तू दुकानातून चांगली येत होती आणि दर रविवारी सकाळी माझ्या पार्किंगमध्ये मी ती बिघडवून देत होतो, वर टोमणे मारत होतो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. खाणीजवळ ती बंडीवाली मंडळी बसली होती. त्यांच्यातल्या एकाने माझ्या चपलांकडे बघून दुसऱ्याला कोपर मारलं. बरोबर केलं. माझ्याकडे बघून कोणी हसत असेल तर या घडीला त्याचं काही चुकलेलं नाही.

बाबांचं चुकत नव्हतं. डांबरी रस्ता, बारीक चाक, कॅरिअरवर दळणाचा डबा, त्याला कडक हवाच लागते. त्यांचा नियम त्यांच्या रस्त्यापुरता होता. तो मी टेकडीवर नेला, कारण नियम मला येत होता आणि रस्त्याकडे मी पाहिलंच नाही. तीस वर्षं वर्गात मी दुसरं काय केलं असेन, असा एक वाईट विचार तिथे येऊन गेला.

तिथूनच फोन लावला. माफी मागायची मला सवय नाही, घराण्यातच नाही. म्हणून वर्तमानपत्र वाचून दाखवल्यासारखं एका दमात सांगितलं. "मिलिंद, ऐक. सीटची चूक नव्हती, हँडलची नव्हती. तुझ्या हातांचीही नव्हती. हवा जास्त होती. मी भरत होतो ती."

मग तो म्हणाला, "माहीत होतं, दादा."

"काय माहीत होतं?"

"तिसऱ्या आठवड्यातच दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणाला, ही हवा कोण भरतं तुमची? दर वेळी तो कमी करून द्यायचा."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"बोलणार काय? तू सकाळी सहाला बाबांचा पंप घेऊन खाली उभा असायचास. पहिल्यांदा तू माझ्यासाठी काहीतरी करत होतास. म्हणून म्हटलं, हवा राहू दे, बाकीचं बदलून बघू. तुझी हवा सोसेल असा फोर्क मिळतो का ते शोधत होतो. एकदा वळणावर गुपचूप सोडायला बसलो होतो, तर तू ओरडलास."

खाणीच्या पाण्यावरून वाफ निघत होती. मोर ओरडला, आणि त्या सगळ्यांत मान वर करणारा मी एकटाच होतो, कारण मला कुठेतरी बघायला पाहिजे होतं.

"आणि त्या पाळण्याचं..." मी म्हणालो.

"ते लागलं," मिलिंद म्हणाला. "हातांपेक्षा जास्त लागलं. हात दोन महिन्यांत बरे झाले."

यावर कुठलाही वर्ग हसला नसता. मी म्हणालो, "चुकलं माझं." हे दोन शब्द तोंडातून निघाल्यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून लगेच पुढचं बोललो. "रविवारी येतोस का? हवा वैभव बघेल. आमच्या वरचा मुलगा आहे, त्याला कळतं त्यातलं. लाडू आहेत."

"बघू," मिलिंद म्हणाला.

मी कान टवकारून ऐकलं. नकार नव्हता तो. हा शब्द तो माझ्याकडूनच शिकलाय.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "दादा, पण पंप खालीच ठेव. तुझ्या त्या काळ्या सायकलीत हवा मी भरणार."